एकतीस तारखेच्या आत

हॉस्पिटलात माझ्या नावाच्या पट्टीवर 'एस. अरोरा' एवढंच लिहिलेलं असायचं. माहेरची मी सुनंदा टिल्लू. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सगळं बालपण सरोजिनी नगरच्या जुन्या क्वार्टरमध्ये गेलं आणि लग्न मागच्या गल्लीतल्या अरोरांच्या मुलाशी झालं. गाझियाबादच्या ज्या खाजगी हॉस्पिटलात मी समाजसेविका म्हणून नोकरी केली, तिथे मला मराठी येतं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मीही कुणाला सांगायला गेले नाही. दिल्लीतला मराठी माणूस घराबाहेर हिंदी बोलतो आणि खाजगी काही बोलायचं असलं की पटकन मराठीवर येतो, इथे आपलं कोण समजतंय या भरवशावर. मी समजायचे. चेहरा कोरा ठेवून, पाण्याचा ग्लास पुढे सरकवत सगळं ऐकून घ्यायचे. याला कुणी चोरून ऐकणं म्हणेल. मी त्याला कसब म्हणत असे.

आता समाजसेविका म्हणजे काय, तर आयसीयूच्या बाहेर एक छोटी खोली होती, तिथे बसायचं. डॉक्टर जे सांगतात ते नातेवाइकांना पुन्हा एकदा माणसांच्या भाषेत सांगायचं, आणि नातेवाईक जे सांगत नाहीत ते ओळखून डॉक्टरांना सांगायचं. यातला दुसरा भाग मला जास्त आवडायचा. संशय हा माझा मूळचा स्वभाव. सासूबाई म्हणायच्या, ही दूधवाल्याकडेसुद्धा ओळखपत्र मागेल. पण घरात ज्याला खोड म्हणत त्याच्याच जोरावर मी हॉस्पिटलात नाव कमावलं. 'अरोरा मॅडम को बैठा दो' असं डॉक्टर म्हणाले, की त्या कुटुंबात काहीतरी पाणी मुरतंय असं समजायचं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त प्रकरणं यायची ती 'डीएनआर'ची. हृदय बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करायची खटपट करू नका, असा हुकूम म्हणजे डीएनआर. टीव्हीवर डॉक्टर छातीवर दोन-चार हलके धक्के देतो आणि माणूस डोळे उघडतो, तसं खऱ्या आयुष्यात क्वचितच होतं. छाती चांगली दोन इंच आत जाईल इतका जोर लावून दाबावी लागते. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात आणि त्याचा आवाज पडद्याबाहेर ऐकू येतो. तरण्या, बरा होऊ शकणाऱ्या माणसासाठी हे सगळं करायलाच हवं. पण ज्याचं शरीर आतून संपत आलेलं आहे त्याला हे करणं म्हणजे निरोप द्यायच्या वेळी मारहाण करणं, हे माझं मत पहिल्यापासून आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा याबद्दल कायदा असा काही नव्हता, आणि कायदा नसला की सगळं कानात चालतं. मोठे डॉक्टर राऊंड संपवून जाता जाता सिस्टरच्या कानात काहीतरी सांगायचे. कागदावर अवाक्षर नसायचं. मग त्या पेशंटचं हृदय थांबलं की एरवी धावत येणारे डॉक्टर चालत यायचे. नाहीतर नातेवाईक 'आमच्या जबाबदारीवर घरी नेतो' असं लिहून द्यायचे, ॲम्ब्युलन्समध्ये वॉर्डबॉय हाताने फुगा दाबत श्वास चालू ठेवायचा आणि घराच्या उंबऱ्यावर नळी काढायचा. कोण कुणाला कशासाठी नेतंय, हे विचारायची सोय नव्हती. मला त्या काळात झोप लागत नसे.

मग अठरा साली सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले आणि तेवीस साली ते जरा सोपे केले. माणूस शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवू शकतो; दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करावी लागते. तसं काही लिहिलेलं नसेल, आणि माणूस बोलण्याच्या पलीकडे गेला असेल, तर हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचं एक मंडळ बसतं. त्यांनी घरच्यांच्या संमतीने ठरवलं की दुसरं मंडळ पुन्हा तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला बाहेरचा डॉक्टर असतो. मग मॅजिस्ट्रेटला कळवायचं आणि मगच अंमल करायचा. म्हणजे संशयाला इतकी दारं ठेवलेली. मला तर हा कायदा माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखा वाटला.

राजपत्रित अधिकाऱ्याची सही म्हटल्यावर दिल्लीकर मराठी माणसाला केवढा हुरूप आला! आमच्या सरकारी कॉलन्यांत जन्मापासून सगळं काही शेजारच्या साहेबांकडून अटेस्ट करून घ्यायची सवय. एक निवृत्त गृहस्थ आपलं इच्छापत्र घेऊन माझ्याकडे आले, प्रकृती ठणठणीत. म्हणाले, "मॅडम, आप लोगों पर मेरा बिल्कुल भरोसा नहीं है, इसलिए पहले ही बता रहा हूँ." मी कागद उलटला तर शेजारच्या साहेबांनी त्यावर 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले, सत्यप्रत' असा शिक्का मारून दिला होता. तीस वर्षं तोच शिक्का, बघायचं काय त्यात! सही आपल्यासमोर झाली हे लिहायचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. मी हे दाखवलं तेव्हा गृहस्थ रागाने लाल झाले आणि मला म्हणाले, बघा, म्हणजे तुम्ही मला मरू देणार नाहीच. त्यांना नोटरीचा पत्ता देऊन कसंबसं वाटेला लावलं.

असे विनोदही व्हायचे. पण लिहायला बसले ते शिरसाठांसाठी.

दानिएल शिरसाठ मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती, एका मंत्रालयात असिस्टंट. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये संसार, आणि निवृत्तीनंतर राहायला गाझियाबादेत घेतलेला फ्लॅट. नोकरीचा शेवटचा महिना चालू होता. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात टाइल बसत होत्या, त्या बघायला रविवारी आले आणि मिस्त्रीशी बोलता बोलता कोसळले. मिस्त्रीने आणि वॉचमनने रिक्षात घालून आमच्याकडे आणलं. आमच्या लोकांनी हृदय सुरू केलं, पण मधल्या वेळात मेंदूला रक्तच मिळालं नव्हतं. व्हेंटिलेटरवर श्वास चालू, बाकी काही नाही. पुढच्या आठवड्यात हृदय आणखी एकदा थांबलं. पुन्हा छाती दाबली, पुन्हा सुरू झालं, आणि तीन बरगड्या गेल्या.

आयसीयूचे प्रमुख डॉ. भाटिया हे सरळ माणूस. त्यांनी शिरसाठांच्या बायकोला आणि मुलाला माझ्या खोलीत बोलावून स्पष्ट सांगितलं की आता हे उठणार नाहीत. शांताबाई शिरसाठ, अंगाने बारीक, कडक इस्त्रीची सुती साडी, एवढ्या गडबडीतही निऱ्या नीट. मुलगा प्रवीण पंचविशी ओलांडलेला, कुठेतरी कंत्राटावर डेटा भरायचं काम करणारा. शांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाल्या, "डॉक्टर साहब, फिर से उनकी छाती मत दबाइए." म्हणताना हाताचा धक्का लागून पाण्याचा ग्लास खाली पडून फुटला. मी वाकून काचा गोळा केल्या, त्यांना उठू दिलं नाही. त्या गडबडीत माझ्या तोंडून काय गेलं याकडे माझं लक्ष नव्हतं.

डॉक्टर बाहेर गेले. मी काचा कागदात गुंडाळत होते. प्रवीण आईला मराठीत म्हणाला, "आई, सक्सेना अंकल बोलत होते, जे काय ते एकतीसच्या आत..."

"गप्प बस," शांताबाई म्हणाल्या. "इथे नको."

माझे कान टवकारले. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलीला एकतीस तारीख समजावून सांगावी लागत नाही. सरकारी माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्याच्या आत, नोकरीत असताना गेला, तर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर नोकरीचा अर्ज करता येतो. हमखास मिळते असं नाही, पण दार उघडतं. एक तारखेला गेला, तर तो पेन्शनर. ते दार कायमचं बंद. सरोजिनी नगरात असताना आमच्या ब्लॉकमधल्या एका घरात बाप असाच शेवटच्या महिन्यात गेला होता, आणि बायका नळावर काय काय बोलल्या ते मी ऐकलं होतं.

हे सक्सेनाजी, शिरसाठांच्या ऑफिसातले सहकारी, मला दुसऱ्याच दिवशी कँटीनमध्ये सापडले. प्रत्येक मंत्रालयात असा एक माणूस असतो. स्वतःची फाइल पडून राहील, पण दुसऱ्याचं पेन्शन, वैद्यकीय बिल, क्वार्टर यासाठी धावत सुटेल. मी चहा पाजला, त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. "मैडम, बच्चा कब तक कॉन्ट्रैक्ट पर सड़ेगा? शिरसाठ साहब तो वैसे भी चले गए समझो. दो दिन इधर, दो दिन उधर. मैंने भाभीजी से साफ कह दिया, इकतीस के बाद भगवान भी कुछ नहीं कर पाएगा." त्यांच्या बोलण्यात पाप नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण माझं डोकं भणभणलं. एका बाजूला नवऱ्याची छाती दाबू नका म्हणणारी बायको आणि दुसऱ्या बाजूला तारीख. आणखी काय पुरावा पाहिजे?

मी भाटियांना गाठलं. ते म्हणाले, "मैडम, बोर्ड मरीज़ को देखता है. मरीज़ की हालत किसी की नौकरी से बदलती है क्या?"

"लेकिन मंज़ूरी तो घरवालों की लगती है ना," मी म्हटलं. "वह किसलिए दी जा रही है, यह कौन देखेगा?"

"आप देखिए," ते म्हणाले. थट्टेने म्हणाले की थकून, कुणास ठाऊक. मी ते कामच समजले.

पहिल्या मंडळाचा होकार झालेला होता. दुसऱ्या मंडळाकडे माझा शेरा गेला, कुटुंबाच्या हेतूबद्दल शंका, अधिक चौकशी व्हावी. बाहेरच्या डॉक्टरांनी तो वाचून बैठक पुढे ढकलली. तेवढ्या अवधीत शिरसाठांचं हृदय तिसऱ्यांदा थांबलं. हुकूम नव्हता, तेव्हा सगळे धावले. मी माझ्या खोलीत होते. शांताबाई बाहेरच्या बाकावर दोन्ही हातांनी कान झाकून बसल्या होत्या. हृदय पुन्हा सुरू झालं, तेव्हा कुणी त्यांना तसं येऊन सांगितलं. त्यांनी कानांवरचे हात काढले नाहीत.

त्या दुपारी मी दोघांना आत बोलावलं. म्हटलं, आता आडून आडून नको. हिंदीत सरळ विचारलं, "इकतीस तारीख से पहले कुछ हो गया तो आपके बेटे को नौकरी मिल सकती है, यह आपको मालूम है?"

प्रवीणने मान खाली घातली. शांताबाईंनी घातली नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि माझ्याकडे बघत बघतच मुलाशी मराठीत बोलल्या.

"प्रवीण, या बाईंना वाटतंय आपण बाबांना तुझ्या नोकरीसाठी मारतोय."

मी चेहरा कोरा ठेवला. इतक्या वर्षांची सवय. पण मानेपर्यंत ऊन ऊन झालं.

"मग आपण थांबूया ना आई," प्रवीण म्हणाला. "एक तारखेनंतर बोलू. नको मला ती नोकरी, यार. कोणी असं बोलायला नको."

"आणि तोवर पुन्हा थांबलं तर? पुन्हा दाबतील. तीन मोडल्यात, आता किती मोडल्या कोण जाणे. तुझं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी त्यांची छाती फोडून घेऊ?" मग त्या हिंदीत मला म्हणाल्या, "हाँ, मालूम है. आप लिख लीजिए, मालूम है. और यह भी लिखिए कि मैं फिर भी कह रही हूँ, मत दबाइए."

मी लिहून घेतलं. त्या बाईंनी रडून दाखवलं असतं तर माझा संशय वाढला असता. त्या रडल्या नाहीत, तर मला वाटलं, किती पक्की बाई आहे! म्हणजे कसंही वागल्या असत्या तरी माझा हिशेब एकच निघणार होता. हे आता कळतंय.

दुसरं मंडळ बसलं. बाहेरच्या डॉक्टरांनी पेशंट तपासला, माझा शेरा पुन्हा वाचला आणि म्हणाले की वैद्यकीयदृष्ट्या दुसरं काही उरलेलंच नाही. मॅजिस्ट्रेटला कळवलं. शिरसाठांच्या पलंगाशी हुकूम लागला. त्यानंतरच्या पहाटे हृदय थांबलं ते थांबलंच. कुणी धावलं नाही. शांताबाई पलंगाशी होत्या. नगरच्या चर्चमध्ये म्हणतात ती प्रार्थना त्यांनी मराठीत म्हटली, आणि पडद्याच्या अलीकडे उभी राहून मी ती शब्दन् शब्द ऐकली. महिना संपायला अजून अवकाश होता. शिरसाठ नोकरीत असताना गेले.

यानंतर काही महिन्यांनी मी निवृत्त झाले. घरी बसल्यावर माणसाला जुन्या फाइली आठवतात. मला शिरसाठ आठवायचे. खरं सांगायचं तर आधी आठवायची ती नोकरी. मिळाली असेल का त्या पोराला? मिळाली असेल तर माझा संशय खरा ठरतो का? असले प्रश्न मला पडत. शेवटी एक दिवस न राहवून सक्सेनाजींना फोन लावला आणि विचारलं, लग गई नौकरी?

"कहाँ मैडम! अर्ज़ी ही नहीं दी. कागज़ मैंने तैयार करके दिए, भाभीजी ने लौटा दिए. बोलीं, अस्पताल वाली मैडम के मन में जो है, वह सच हो जाएगा." मग म्हणाले, "अभी भी देर नहीं हुई है. आप ही समझाइए. आपकी बात शायद मान लें."

मी गेले. क्वार्टर त्यांनी लवकरच सोडलं होतं, गाझियाबादच्या त्याच फ्लॅटमध्ये राहत होत्या. दार प्रवीणने उघडलं. अजून त्याच कंत्राटावर होता, ते कंत्राटही संपत आलेलं. स्वयंपाकघर बाहेरूनच दिसत होतं. ओट्यावरच्या भिंतीला अर्ध्यापर्यंत टाइल होत्या, पुढे नुसतं सिमेंट. मिस्त्रीला पुन्हा बोलवलं नव्हतं.

मी हिंदीत सुरुवात केली. शांताबाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"मराठीत बोला ना," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी माझा ग्लास पडला तेव्हा 'राहू दे, राहू दे, हात कापेल' म्हणालात. मला त्या दिवशी एवढा आधार वाटला होता, आपलं कुणीतरी आहे इथे. मग वाट बघत राहिले, बोलतील, बोलतील. तुम्ही बोललाच नाहीत."

म्हणजे त्या दुपारी माझ्याकडे बघत मराठीत जे बोलल्या, ते मुलाला नव्हतं, मलाच होतं. मला खुर्चीत बसवेना. तरी बसले आणि मनापासून सांगितलं, की अर्ज करा. कायद्याने तुमचा हक्क आहे. मंडळांनी जो निर्णय दिला तो शिरसाठांची अवस्था बघून दिला, तो तुमच्या मागणीवरून दिलेला नाही. मुलाने काय घोडं मारलंय?

शांताबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "मी अर्ज करायला लावते," त्या म्हणाल्या. "एकच सांगा, आणि खरं सांगा. तुमच्या मनातला संशय गेला का?"

प्रवीण दारात उभा होता. "मॅडम, हो म्हणा ना," तो म्हणाला. "बस, हो बोलून टाका."

मला 'हो' म्हणायचं होतं. मी 'हो' म्हणायलाच तिथे गेले होते. पण जन्मभराची सवय अशी वाईट, की तेवढ्यातही मनात आलं, मी यावं म्हणूनच तर सक्सेनाजींकडून हे सगळं मला ऐकवलं नसेल? एक क्षणच आलं. मग मी म्हटलं, "हो. गेला."

पण उशिरा म्हटलं, आणि तो उशीर त्यांनी ऐकला. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. पदर सारखा करून उठल्या.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या, आणि अर्ध्या टाइलच्या त्या स्वयंपाकघरात जाऊन मला विचारलं, चहात साखर किती घालू.